वारंवार होणारा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग : कारण, उपचार आणि प्रतिबंध

(भिलाई येथील मराठी भाषक कुटुंबांसाठी दिलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा पाठ)



आजचा विषय घरात कुजबुजत बोलला जातो, मोकळेपणाने मांडला जात नाही. लघवी करताना आग होणे, पुन्हा पुन्हा जावेसे वाटणे, गेल्यावर चार थेंबच होणे, ओटीपोटात दुखणे, लघवी गढूळ किंवा उग्र वासाची होणे, ही लक्षणे आपल्यापैकी अनेकींनी अनुभवली आहेत. जगभरातील अनुभव असा की, सुमारे निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. एकदा झालेला त्रास बहुधा लवकर बरा होतो. मात्र काही स्त्रियांना तो दर दोन-तीन महिन्यांनी गाठतो. आज मुख्यतः त्यांच्याविषयी बोलावयाचे आहे.

या व्याख्यानातून एकच गोष्ट लक्षात ठेवावयाची असेल तर ती ही : पुन्हा तीच तक्रार झाली म्हणजे पुन्हा तेच औषध घ्यावे, असे नाही. प्रत्येक खेपेस तपासणी करून उपचार घ्यावा आणि दोन खेपांच्या मधल्या काळात प्रतिबंधाकडे लक्ष द्यावे.

उन्हाळी आणि जंतुसंसर्ग

आपल्या बोलीत या त्रासाला ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात. शब्दातच कारण सांगितल्यासारखे वाटते : अंगात उष्णता वाढली, म्हणून लघवीला जळजळ झाली. छत्तीसगडातील आणि विदर्भातील उन्हाळा ज्यांनी सोसला आहे, त्यांना हे पटकन पटते. नवतपाच्या दिवसांत घाम इतका येतो की, पाणी कमी पडल्यास लघवी थोडी, गडद आणि दाहक होते. ही साधी उन्हाळी असेल तर पुरेसे पाणी, ताक, धन्या-जिऱ्याचे पाणी किंवा भाताची पेज घेतल्यावर ती बहुधा दिवसभरात ओसरते.

परंतु तीच आग दुसऱ्या दिवशीही राहिली, सारखी घाई होऊ लागली, ओटीपोटात दुखू लागले किंवा ऐन पौषाच्या थंडीतही हा त्रास झाला, तर तो केवळ उष्णतेचा नव्हे. मूत्राशयात जंतू वाढल्याची शक्यता तेथे अधिक असते. घरगुती पेये शरीराला पाणी पुरवतात, म्हणून ती उपयुक्तच आहेत. ती जरूर घ्यावीत. वाढलेल्या जंतूंचा नाश करण्याची खात्री मात्र त्यांच्याकडून मिळत नाही.

जंतू येतात कोठून?

बहुतेक वेळा हा संसर्ग ई. कोलाय नावाच्या जंतूमुळे होतो. हा जंतू आपल्या मोठ्या आतड्यात नेहमीच असतो आणि तेथे तो सहसा त्रास देत नाही. गुदद्वाराजवळच्या त्वचेवरून तो मूत्रमार्गाच्या तोंडाशी पोहोचतो आणि तेथून मूत्राशयात शिरतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग सुमारे चार सेंटिमीटर लांब असतो, तर पुरुषांचा सुमारे वीस. वाट आखूड असल्यामुळे जंतूंचा प्रवास सोपा होतो. स्त्रियांना हा आजार अधिक होण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

मूत्राशयात शिरलेले जंतू आतील अस्तराला चिकटून बसतात आणि अनुकूल स्थितीत अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होऊ शकतात. लघवीचा प्रवाह त्यांना वेळोवेळी धुऊन बाहेर टाकतो. ही निसर्गाची पहिली संरक्षक व्यवस्था होय. लघवी थोडी होत असेल किंवा ती तासन् तास दाबून ठेवली जात असेल, तर ही व्यवस्था दुबळी पडते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट व्हाव्यात. पहिली, हा आजार होणे म्हणजे स्त्री अस्वच्छ आहे असे नाही. अत्यंत नीटनेटक्या स्त्रियांनाही तो होतो. दुसरी, हा ‘वाईट’ आजार नव्हे. तो कोणाकडून लागलेला नसतो आणि घरातील कोणाला लागतही नाही. तरुण स्त्रियांत शरीरसंबंधानंतर त्याचे प्रमाण वाढते, कारण त्या वेळी बाहेरचे जंतू मूत्रमार्गाच्या तोंडाकडे ढकलले जातात. नव्याने लग्न झालेल्या मुलींना हा त्रास होतो, तो यामुळेच. त्यावरून सुनेच्या किंवा जावयाच्या वर्तनाविषयी शंका घेणे अन्यायाचे आहे.

‘वारंवार’ कशाला म्हणावे?

सहा महिन्यांत दोन वेळा किंवा एका वर्षात तीन वेळा संसर्ग झाला, तर वैद्यकशास्त्र त्याला ‘वारंवार होणारा संसर्ग’ म्हणते. पहिला संसर्ग झालेल्या चौघींपैकी सुमारे एकीला सहा महिन्यांच्या आत तो पुन्हा होतो. म्हणून तारखांची नोंद ठेवावी. घरातील दिनदर्शिकेवर त्रास सुरू झाल्याची तारीख, घेतलेल्या औषधाचे नाव आणि किती दिवस घेतले एवढे लिहून ठेवले, तरी डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते. ‘मध्ये मध्ये होते’ या उत्तरातून उपचार ठरवता येत नाही. तीन तारखांवरून ठरवता येतो.

मागच्या वेळची गोळी

आता आपल्या घरोघरच्या सवयीकडे वळू. समजा, एका गृहिणीला लघवीला आग होऊ लागली. तिने औषधाच्या दुकानातून गोळ्या मागवल्या. दोन दिवसांत बरे वाटले, तेव्हा उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून दिल्या. दोन महिन्यांनी त्रास पुन्हा झाला. डब्यातील त्याच गोळ्या तिने घेतल्या. या खेपेस थोडेच बरे वाटले. तिसऱ्या खेपेस शेजारणीने आपल्याला ‘लागू पडलेली’ गोळी दिली. चौथ्या खेपेस थंडी वाजून ताप आला, कंबरेच्या वरच्या बाजूस, बरगड्यांखाली दुखू लागले आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागले. जंतू मूत्राशयातून मूत्रपिंडापर्यंत चढले होते.

अशा क्रमात काय घडत जाते, हे समजून घ्यावे. अर्धवट औषधाने दुबळे जंतू मरतात आणि चिवट उरतात. पुढच्या खेपेस त्या चिवट जंतूंचीच संख्या वाढते आणि तीच गोळी त्यांच्यावर चालत नाही. शिवाय प्रतिजैविकामुळे आतड्यातील आणि योनिमार्गातील उपकारक जंतूही मरतात. आपल्या संरक्षणाची ती फळी कोसळली की पुढच्या संसर्गाला वाट मोकळी होते. म्हणजे उपाय म्हणून घेतलेली गोळीच कधी कधी पुनरावृत्तीचे कारण ठरते.

हा धोका एकट्या रुग्णापुरता मर्यादित नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन यांसारखी औषधे एके काळी या आजारावर हमखास चालत. आज आपल्या देशातील मोठ्या रुग्णालयांत तपासलेल्या ई. कोलाय जंतूंपैकी निम्म्याहून अधिक त्यांना दाद देत नाहीत. नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन ही औषधे मात्र साध्या मूत्राशयसंसर्गात अजूनही बहुतांशी उपयोगी पडतात. ती तशी राहावीत ही आपली सर्वांची जबाबदारी आहे. त्यांनाही मर्यादा आहेत. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयातील लघवीत पुरेशा प्रमाणात उतरते, पण मूत्रपिंडाच्या पेशींत पुरेसे पोहोचत नाही. म्हणून ताप आणि पाठदुखी असलेल्या रुग्णास ते देत नाहीत. मूत्रपिंड दुबळे असणाऱ्यांना आणि ‘जी-६-पीडी’ या द्रव्याची जन्मजात उणीव असणाऱ्यांना ते अपायकारक ठरू शकते. कोणते औषध, किती दिवस आणि कोणाला, हे दुकानाच्या फळीवरून ठरत नाही ते यामुळेच.

औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल, तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. या लाल रेघेविषयीची जनजागृती मोहीम भारत सरकारने २०१६ साली हाती घेतली. त्यापूर्वी, मार्च २०१४ पासून, काही महत्त्वाच्या प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या नावानिशी वहीत ठेवणे दुकानदारांवर बंधनकारक झाले आहे. दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर त्याचा राग मानू नये. तो आपल्या हिताचेच काम करीत असतो.

तपासणी कशी करावी?

वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रीने प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वी लघवीचा नमुना द्यावा. त्याच्या दोन तपासण्या असतात. साध्या तपासणीत पूपेशी, रक्त आणि साखर दिसते; तिचा अहवाल त्याच दिवशी मिळू शकतो. दुसरी ‘कल्चर’ तपासणी. तिच्यात जंतू वाढवून ते कोणते आहेत आणि कोणत्या औषधाला दाद देतात हे पाहतात. तिला साधारण दोन ते तीन दिवस लागतात. त्रास फार असेल तर नमुना दिल्यावर डॉक्टर औषध सुरू करतात आणि अहवाल आल्यावर गरज असल्यास ते बदलतात.

नमुना देण्याची रीत महत्त्वाची आहे. हात धुवावेत. बाहेरील भाग साध्या पाण्याने धुऊन घ्यावा. लघवीची पहिली धार सोडून द्यावी, मधली धार प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीत घ्यावी आणि शेवटची पुन्हा सोडून द्यावी. बाटलीच्या आतील बाजूस बोट लावू नये. घरातील औषधाची रिकामी बाटली धुऊन वापरू नये. नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा. ते शक्य नसल्यास शीतकपाटात ठेवावा. रीत चुकली तर त्वचेवरचे जंतू अहवालात उतरतात आणि नको ते औषध घ्यावे लागते.

याच्या उलट एक सूचना. कोणताही त्रास नसताना अन्य कारणाने केलेल्या तपासणीत जंतू आढळले, तर सहसा औषधाची गरज नसते. गरोदरपण आणि मूत्रमार्गावरील काही शस्त्रक्रिया हे त्याला मुख्य अपवाद आहेत. अहवालात पूपेशी पुन्हा पुन्हा दिसत असतील, पण कल्चरमध्ये जंतू वाढत नसतील, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. आपल्या देशात अशा वेळी मूत्रमार्गाच्या क्षयाचाही विचार करावा लागतो. त्याची तपासणी आणि उपचार शासकीय रुग्णालयात विनामूल्य होतात. मुतखडा, मूत्राशय पूर्ण रिकामे न होणे आणि मधुमेह हीही पुनरावृत्तीची कारणे आहेत. त्यांच्यासाठी सोनोग्राफी आणि रक्तातील साखरेची तपासणी सांगितली जाते. खाज आणि पांढरे पाणी जाणे ही मुख्य लक्षणे असतील, तर आजार योनिमार्गाचा असू शकतो आणि त्याचा उपचार निराळा असतो.

पाणी : सर्वांत स्वस्त प्रतिबंध

‘पाणी भरपूर प्या’ हा सल्ला इतक्या वेळा ऐकलेला असतो की, तो औषधाइतका मोलाचा वाटत नाही. त्याची परीक्षा मात्र झालेली आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४० स्त्रियांनी भाग घेतला होता. त्या सर्वजणी दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पेय घेत आणि त्यांना वारंवार संसर्ग होत असे. निम्म्या स्त्रियांना रोज आणखी दीड लिटर पाणी पिण्यास सांगितले. उरलेल्यांनी आपली सवय तशीच ठेवली. वर्षअखेरीस अधिक पाणी पिणाऱ्यांना सरासरी १.७ वेळा आणि इतरांना ३.२ वेळा संसर्ग झाला होता. एकही गोळी न वाढवता आजार जवळजवळ निम्म्यावर आला.

हे घरी कसे करावे? सकाळी आपल्यासाठी वेगळा तांब्या किंवा बाटली भरून ठेवावी, म्हणजे दिवसाचा हिशेब राहतो. सकाळी उठल्यावर, दोन्ही जेवणांच्या वेळी, दुपारी आणि संध्याकाळी असे वाटून घ्यावे. ताक, पातळ वरण, पेज, इकडच्या भागातील बोरे-बासीचे पाणी हे सर्व हिशेबात धरावे. गोड सरबते आणि बाटलीबंद शीतपेये मात्र पाण्याची जागा घेऊ शकत नाहीत. लघवी फिकट पिवळसर, जवळजवळ स्वच्छ दिसली की पाणी पुरेसे आहे असे समजावे. ज्यांना हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

लघवी दाबून ठेवण्याची सक्ती

स्त्रिया पाणी कमी का पितात, याचे उत्तर पुष्कळदा तहानेत नसून स्वच्छतागृहाच्या अभावात असते. ‘बाहेर जायचे आहे, आता पाणी नको’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. दुर्ग किंवा पॉवर हाऊस स्थानकावरून रायपूरला रोज ये-जा करणारी नोकरदार स्त्री, सुपेल्याच्या बाजारात दिवसभर भाजी विकणारी बाई, बांधकामावरील मजूर स्त्री आणि शाळेतील अस्वच्छ शौचालय टाळणारी मुलगी या सर्वजणी एकच युक्ती करतात : सकाळपासून पाणी टाळतात आणि संध्याकाळपर्यंत लघवी दाबून ठेवतात. ही युक्तीच आजाराला आमंत्रण देते.

हा प्रश्न एकट्या स्त्रीच्या सवयीचा नाही. मुंबईत २०११ साली सामाजिक कार्यकर्त्यांनी ‘राइट टू पी’ या नावाने चळवळ उभी केली. सार्वजनिक ठिकाणी पुरुषांना लघवीसाठी पैसे पडत नाहीत, स्त्रियांना मात्र द्यावे लागतात, ही विसंगती तिने लोकांपुढे आणली. १५ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांच्या आवारातील स्वच्छतागृहांविषयी निर्णय देताना स्वच्छतागृहाची सोय हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. कारखान्यात स्त्रियांसाठी स्वतंत्र, बंदिस्त सोय असणे ही तर १९४८ च्या कारखाना अधिनियमापासून कायद्याने घातलेली अट आहे. भिलाईसारख्या कारखान्यांच्या नगरीत लहानमोठ्या आस्थापनांच्या चालकांनी आणि ठेकेदारांनी हे ध्यानात ठेवावे. शाळेच्या पालकसभेत गुणांबरोबर मुलींच्या शौचालयातील पाणी आणि कडी यांचीही चौकशी व्हावी.

सोय उपलब्ध असेल तेथे दर तीन-चार तासांनी लघवीला जावे. घाई करू नये. नीट बसून मूत्राशय पूर्ण रिकामे होऊ द्यावे. बद्धकोष्ठ टाळावे, कारण भरलेले आतडे मूत्राशयावर दाब आणते.

स्वच्छता : किती आणि कशी?

शौचानंतर धुताना हात पुढून मागे न्यावा, मागून पुढे आणू नये. पाण्याचा फवारा वापरताना हीच दिशा ठेवावी. लहान मुलींनाही हे लवकर शिकवावे. पाळीच्या दिवसांत पॅड दर चार ते सहा तासांनी बदलावे. घाम शोषणारी सुती अंतर्वस्त्रे वापरावीत आणि ती उन्हात वाळवावीत. शरीरसंबंधानंतर लघवी करून घ्यावी. त्यात अपाय काही नाही आणि उपाय सोपा आहे.

अति स्वच्छतेचा अपायही सांगितला पाहिजे. योनिमार्गाच्या आत साबण, सुगंधी द्रावण किंवा जंतुनाशक घालू नये. तेथील उपकारक जंतू आम्ल तयार करून ई. कोलायला दूर ठेवतात. द्रावणाने तेच धुऊन जातात. बाहेरून साधे पाणी पुरेसे आहे. शुक्रजंतुनाशक गोळ्या, जेली किंवा तसा लेप असलेले निरोध यांमुळेही संसर्ग वाढतो. वारंवार त्रास होणाऱ्या जोडप्याने डॉक्टरांना विचारून गर्भनिरोधाचे दुसरे साधन निवडावे.

आयुष्याच्या विशेष अवस्था

गरोदर स्त्रीने लघवीची तपासणी कधीही टाळू नये. त्रास नसतानाही लघवीत जंतू असतील तर गरोदरपणात उपचार करावा लागतो. न केल्यास मूत्रपिंडाचा संसर्ग आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांचा धोका वाढतो. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय केंद्रांत गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी होते. त्या दिवशी आपली तक्रार आवर्जून सांगावी.

पाळी गेल्यानंतर शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते, योनिमार्ग कोरडा पडतो, तेथील उपकारक जंतू घटतात आणि संसर्ग वारंवार होऊ लागतो. ‘आता वय झाले, असे चालायचेच’ म्हणून आजीबाई तो सोसत राहतात. तसे करण्याचे कारण नाही. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या, ९३ स्त्रियांवरील अभ्यासात योनिमार्गात इस्ट्रोजेनचे मलम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा, तर इतरांना ५.९ वेळा संसर्ग झाल्याचे दिसले. हे मलम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावे आणि पूर्वी स्तनाचा कर्करोग झालेला असल्यास तसे आधी सांगावे.

मधुमेह असलेल्या स्त्रियांनी साखर आटोक्यात ठेवावी. छत्तीसगडात आणि विदर्भात सिकलसेलचा आजार अनेक कुटुंबांत आढळतो; १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानातून त्याची तपासणी होत आहे. सिकलसेलच्या रुग्णांच्या मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवणे जमत नाही, त्यामुळे शरीर लवकर शुष्क होते, आणि जंतुसंसर्गामुळे वेदनेचा झटकाही येऊ शकतो. अशा रुग्णांनी लघवीची तक्रार एक दिवसही अंगावर काढू नये.

एवढे सर्व करूनही त्रास थांबला नाही, तर प्रतिबंधक औषधांचा मार्ग आहे. काहींना रोज अल्प मात्रेत प्रतिजैविक देतात. मेथेनामीन हे प्रतिजैविक नसलेले औषधही आहे. २०२२ साली ब्रिटनमध्ये २४० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात ते रोजच्या अल्प प्रतिजैविकापेक्षा उणे ठरले नाही. क्रॅनबेरीने पुनरावृत्ती काही अंशी कमी होते, परंतु चालू संसर्ग तिने बरा होत नाही. यांतील काहीही स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

विलंब कधी करू नये?

पुढीलपैकी एकही लक्षण असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे :

थंडी वाजून ताप येणे, पाठीत, बरगड्यांखाली एका बाजूस दुखणे, उलट्या होऊन पाणी किंवा औषध न टिकणे, लघवीत रक्त दिसणे, लघवी अडणे, गरोदरपणात कोणतीही लघवीची तक्रार, वृद्ध स्त्रीस तापासह गुंगी किंवा भ्रम होणे, औषध सुरू करून दोन दिवसांत उतार न पडणे.

तातडीच्या वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४ हा क्रमांक आहे. जवळचे आयुष्मान आरोग्य मंदिर, हमर क्लिनिक किंवा आपल्या पाऱ्यातील मितानिन यांच्याकडेही प्रथम विचारणा करता येते. २००२ पासून छत्तीसगडात काम करणारी मितानिन ही आपल्यातलीच एक स्त्री असते. तिच्यापाशी बोलण्यास संकोच वाटू नये. पुरुष डॉक्टरांपुढे बोलणे अवघड वाटत असेल तर स्त्री-डॉक्टरांची वेळ विचारून घ्यावी. याच संकोचाचा विचार करून नोव्हेंबर २०२० मध्ये रायपूर, बिलासपूर आणि भिलाई या शहरांत सर्व कर्मचारी स्त्रियाच असलेली फिरती ‘दाई-दीदी क्लिनिक’ सुरू करण्यात आली होती. संकोच ही एकट्या रुग्णाची उणीव नसून व्यवस्थेने सोडवावयाची अडचण आहे, हे त्यातून मान्य झाले.

गृहस्थांना आणि वडीलधाऱ्यांना विनंती

भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला तेव्हापासून या नगरीचे दिवस पाळ्यांवर चालतात. घरातील कर्त्याची पाळी सकाळची असो, दुपारची असो वा रात्रीची, डबा वेळेवर तयार असतो. तो तयार करणारी स्त्री स्वतः केव्हा पाणी प्याली, याची नोंद कोणाजवळ नसते. ती घरातील सर्वांनी ठेवावी. प्रवासात तिला कोठे उतरता येईल, याचा विचार निघण्यापूर्वी करावा. ‘सारखी काय जातेस’ असे म्हणू नये. सासूबाईंनी सुनेच्या आणि सुनेने सासूबाईंच्या तक्रारीची टिंगल न करता दवाखान्यात सोबत जावे. पतीने औषधाच्या दुकानातून पाकीट आणून देण्याऐवजी पत्नीस तपासणीसाठी न्यावे.

आणि भगिनींनो, आजच घरी गेल्यावर तीन कामे करावीत. औषधाच्या डब्यातील उरलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या वेगळ्या काढून पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवाव्यात. त्या कोणास देऊ नयेत. मागील वर्षभरात हा त्रास किती वेळा झाला, ते आठवून लिहावे. सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन नोंदी भरल्या, तर तपासणीस जावे. आणि आपल्या नावाचा पाण्याचा एक तांब्या भरून ठेवावा.

हा आजार सोसण्याचा नाही, लपवण्याचा नाही आणि नशिबाचाही नाही. त्याची कारणे ठाऊक आहेत, तपासण्या उपलब्ध आहेत आणि बहुतेक स्त्रियांमध्ये तो आटोक्यात येतो. वेळेवर विचारणे आणि अर्धवट न सोडणे एवढे मात्र आपल्याला करावयाचे आहे.